अण्णांच्या पोटावरचा वादविवाद

आमच्या बंगळूरच्या घरमालकांना स्वतःचं असं एकही मत नव्हतं, आणि तरी अख्ख्या बसवनगुडीत त्यांच्याइतका वाद घालणारा माणूस दुसरा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. मत असलेली माणसं भांडतात, असं त्यांचं म्हणणं. "वाद वेगळा, भांडण वेगळं, पुणेकर. तुमच्या गावात दोन्ही एकाच भांड्यात शिजवतात की हो!" नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बायकोसह बंगळूरला आलो, तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या, त्या वाद घालूनच. भाडेकरू महाराष्ट्रातून नवा आलेला असावा की नसावा, हा विषय होता. त्यात माझ्या वाट्याला प्रतिकूल बाजू आली, मी स्वतःच्याच विरुद्ध बोललो, सपशेल हरलो, आणि म्हणून घर मिळालं. त्या दिवसापासून ते आमचे अण्णा झाले आणि त्यांच्या पत्नी अक्का. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि देवासमोर दोन्हीचं कालवण.

अण्णा चामराजपेटच्या एका शाळेत इतिहास शिकवत आणि वादविवाद स्पर्धेसाठी मुलं तयार करत. शाळेतली ती शिस्त त्यांनी घरात जशीच्या तशी आणली होती. घरातला कुठलाही प्रश्न सभेपुढे यायचा. चौकाबाऱ्याच्या खेळातली एक कवडी फेकायची, उताणी पडली तर फेकणाऱ्याकडे अनुकूल, पालथी पडली तर प्रतिकूल. बाजू कवडीने ठरायची, माणसाने नाही. वेळ संपली की देवघरातली घंटा वाजवायची, आणि ती वाजेपर्यंत वक्त्याने खाली बसायचं नाही, मग मुद्दे संपले तरी बेहत्तर. निकाल अण्णा द्यायचे, आणि तो अमलात यायचाच. फाटकाला पोपटी रंग द्यावा, ही बाजू एकदा अक्कांकडे आली. त्या इतक्या सुरेख बोलल्या की फाटक पोपटी झालं. तो रंग अण्णांना आवडत नव्हता, शेजाऱ्यांना आवडत नव्हता आणि अक्कांना तर डोळ्यासमोर नको होता. पण निकाल म्हणजे निकाल. आम्ही सगळे ते फाटक मान वळवून उघडत असू.

रस्त्यावरही तेच. एकदा मार्केटपाशी एक रिक्षावाला बसवनगुडीला यायला नको म्हणाला. मी पुणेरी आवाज चढवणार, तेवढ्यात अण्णांनी मला थांबवलं आणि त्या रिक्षावाल्याचीच बाजू मांडायला सुरुवात केली. सकाळपासून उन्हात आहे, परतीचं भाडं मिळत नाही, त्यात गिऱ्हाईक खुद्द अण्णांसारखं लठ्ठ, टायर काय म्हणतील? असं करत करत अण्णांनी त्याची कैफियत इतकी हृदयद्रावक केली की तो बिचारा ओशाळला. "सरी सार, हत्ती," म्हणाला, म्हणजे चढा बाबा, आणि वर अण्णांना हात देऊन बसवून घेतलं.

हात द्यावा लागायचाच, कारण अण्णांचा देह अवाढव्य होता. खाण्याच्या बाबतीत मात्र ते कवडी टाकत नसत. दुसरा लोण्यातला बेन्ने दोसा घ्यावा की नाही, याचा वाद ते मनातल्या मनात उरकत, आणि तिथे अनुकूल पक्ष कधी हरल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांचा वजनकाटा त्यांना पुरेना, म्हणून एकदा मी त्यांना मार्केटमधल्या धान्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे घेऊन गेलो. गूळ आणि तुरीच्या पोत्यांच्या रांगेत अण्णा मोठ्या काट्यावर उभे राहिले. व्यापाऱ्याने वजन वाचलं आणि सवयीने विचारलं, "गोणीचं वजा करू का, सार?" अण्णा पोट धरून हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र ते एकदम गप्प झाले, आणि त्यांच्या गप्प बसण्याची मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

कारण अण्णा मुळात अतिशय भित्रे होते, हे मला उशिरा कळलं. पाल, लिफ्ट, इंजेक्शन, अवेळी वाजणारा फोन, सगळ्यांनी त्यांना घाम फुटायचा. "भीतीच्या दोन बाजू केल्या की ती अर्धी होते," असं ते म्हणायचे. माझ्या मते ती नुसती दोन ठिकाणी राहायला जायची. आणि हळूहळू ती आम्हा सगळ्यांकडेच राहायला आली. रविवारी जेवून अण्णा आडवे झाले की त्यांचं घोरणं जिन्यावरून वर आमच्याकडे यायचं. मग ते अधूनमधून मध्येच थांबायचं. नुसतं घोरणं नाही, श्वासच. मी आणि माझी बायको हातातला पेपर तसाच धरून बसायचो. मग एकदम गाडीचं इंजिन पेटल्यासारखा आवाज व्हायचा, आणि आम्ही पान उलटायचो. पुढे पुढे ते थांबणं लांबत गेलं. एकदा तर पानिपतची लढाई शिकवता शिकवता अण्णा भारताच्या नकाशाला टेकून उभ्या उभ्या झोपी गेले. साखर होतीच, रक्तदाब होता, गुडघे तर कधीच संपावर गेलेले. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं, की हे वजन असंच राहिलं तर हृदय फार दिवस साथ देणार नाही. पथ्य झालं होतं, उपास झाले होते, पहाटेचं फिरणंही झालं होतं, आणि फिरून येताना वाटेत खारा भात, म्हणजे तिकडचा तिखट उपमाही झाला होता. आता एक नवं ऑपरेशन निघालंय, पोटाची पिशवीच लहान करून टाकतात, परदेशातून परत आलेला एक तरुण सर्जन ते करतो, त्याला भेटा, असं डॉक्टर म्हणाले.

अण्णांनी अक्कांबरोबर मलाही घेतलं. "तुम्ही कॉम्प्युटरवाले. यशाचा दर, अपयशाचा दर, ते तुम्हाला कळतं." मला त्यातलं काडीचंही कळत नव्हतं, पण अक्कांचा चेहरा बघून मी नाही म्हणू शकलो नाही.

"यशाचं प्रमाण काय?" अण्णांनी खुर्चीत बसताबसताच विचारलं.

"चांगलं आहे," सर्जन म्हणाला. "बहुतेक लोक बरे होतात."

"त्या बहुतेकांत मी येतो की नाही?"

सर्जन हसला. अण्णा हसले नाहीत. "तुम्ही यश कशाला म्हणता, ते आधी सांगा. टेबलावरून जिवंत उठणं, वजन उतरणं, की उतरलेलं वजन परत न येणं?"

सर्जनने हातातलं पेन खाली ठेवलं. "हे तीन वेगळे प्रश्न आहेत," तो म्हणाला. "पहिल्याबद्दल मी विश्वासानं बोलेन. दुसऱ्याबद्दल अंदाजानं. तिसऱ्याबद्दल खरं सांगायचं तर कुणालाच नीट माहीत नाही. इथं मी अशी ऑपरेशनं फार थोडी केलीत. तिकडचे आकडे तसेच्या तसे तुम्हाला लावणं मला बरोबर वाटत नाही."

"ज्यांचं फसलं, त्यांना विचारलंत?"

"जे दाखवायला परत आले, त्यांना विचारलं."

"आणि जे आलेच नाहीत?"

सर्जनने पेन पुन्हा उचललं आणि समोरच्या कागदावर एक प्रश्नचिन्ह काढलं. तोडीस तोड प्रतिस्पर्धी भेटल्याच्या आनंदाने अण्णांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. पण त्यांच्या शर्टाची पाठ घामाने चिंब झाली होती. परतताना रिक्षात अक्कांनी पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, रिक्षा सिग्नलला उभी होती तेव्हासुद्धा.

येत्या रविवारी सभा भरणार हे उघडच होतं. शनिवारी संध्याकाळी अक्का वर आमच्याकडे आल्या. ऑपरेशन मुळीच नको, हे त्यांचं पक्कं ठरलं होतं. माणूस आपल्या पायांनी चालत जातो आणि चादरीखाली परत येतो, असलं काही त्यांना नको होतं. "कवडी तुम्ही फेका, पुणेकर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला प्रतिकूल आली तर सोडू नका हं, जीव तोडून बोला. अनुकूल मी बघून घेते." बघून घेते म्हणजे हरते, हे मी समजलो. माझ्या बायकोने चहा केला, तो कुणी प्यायलं नाही.

आणि कवडी अगदी हवी तशी पालथी पडली. मी प्रतिकूल, अक्का अनुकूल. अक्कांनी माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली. मी उठलो आणि जन्मात कधी बोललो नसेन असा बोललो. टाके उसवले तर काय, आतल्या आत गळती लागली तर काय, भूल जास्त झाली तर काय, आणि सगळं सुरळीत होऊनही वजन परत आलं तर ही एवढी चिरफाड कशासाठी? ज्याला स्वतः करणारा सर्जनसुद्धा दर सांगू शकत नाही, त्या गोष्टीवर आपला माणूस ठेवायचा? बोलता बोलता माझं मलाच इतकं भ्यायला झालं की शेवटची वाक्यं मी अण्णांऐवजी भिंतीकडे बघून बोललो. अण्णा मान हलवत ऐकत होते. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मग अक्का उठल्या. "ऑपरेशन करावं," त्या म्हणाल्या. "कारण डॉक्टर चांगले आहेत. आयतु." संपलं! आणि त्या खाली बसायला लागल्या.

"घंटा कुठं वाजली?" अण्णा म्हणाले. "स्वल्प अजून बोल."

घंटा माझ्या बायकोच्या हातात होती, आणि वेळेआधी ती वाजवायची सोय नव्हती. अक्का पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. "अजून काय बोलू? डॉक्टर परदेशात शिकलेत. दवाखाना स्वच्छ आहे." पुन्हा थांबल्या. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा शाळेतल्या एखाद्या भेदरलेल्या पोरासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आणि मग अक्का वेगळ्याच आवाजात बोलायला लागल्या.

"रविवारी जेवून हे झोपतात. घोरतात. मग घोरणं थांबतं. माझ्या हातात लाटणं असू दे, विळी असू दे, मी आहे तिथं उभी राहते. परत सुरू झालं की काम धरते. सगळ्यांना वाटतं अक्का कामात आहे म्हणून. मी कामात नसते हो, मी ऐकत असते. पुणेकरांनी ऑपरेशनचं अपयश सांगितलं. खरं आहे, सगळं खरं आहे. पण नाही केलं तर त्याचं अपयश कोण सांगणार? त्याला डॉक्टर नाही, दवाखाना नाही, त्याचा दर कुणी काढत नाही. तो मी काढते, स्वयंपाकघरात उभी राहून. आणि तो वाढत चाललाय. मला कळतं ना. पूर्वी मी एक श्वास धरून उभी राहायची. आता मला दोनतीनदा घ्यावा लागतो, यांचा एक यायच्या आधी."

माझी बायको घंटा वाजवायला विसरली. अक्का बोलायच्या थांबल्या, आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या दचकून म्हणाल्या, "अहो, ही बाजू होती. माझं मत नाही. निकाल देऊ नका."

अण्णांनी माझ्या बायकोच्या हातातून घंटा घेतली आणि स्वतःच वाजवली. मग म्हणाले, "मत असतं तर सोडून दिलं असतं. बाजू आहे, म्हणून धरतो. सभा अनुकूल."

त्यानंतर अक्का अण्णांशी बोलेनात. वाढायच्या, औषध द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. जिन्यात मला भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "हरायला आले होते, पुणेकर. ते पण जमलं नाही बघा." मला त्यांना धीर द्यायचा होता, पण तो माझ्याकडेच नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अण्णांना हिरवा झगा चढवला. तो त्यांना पुरेना, तेव्हा दोन झगे जोडून बांधले. एरवी यावर त्यांनी झगे शिवणाऱ्याच्या बाजूने अर्धा तास घेतला असता. त्या दिवशी त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही काही विचारलं नाही. ढकलगाडीवर पडल्या पडल्या त्यांनी माझं मनगट पकडलं. "पुणेकर, मला आत जायचं नाही," ते म्हणाले. "मला फार भीती वाटते. ही बाजू नव्हे, हे माझं मत आहे." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं मत. मी अक्कांकडे बघितलं. इतके दिवस न बोललेल्या अक्का पुढे झाल्या, त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि म्हणाल्या, "माझंपण तेच आहे. पण जाऊन या." गाडी आत गेली आणि दार लागलं.

बाहेर लाकडी बाकावर आम्ही तिघं बसलो. माझी बायको स्तोत्र पुटपुटत होती आणि मध्येच अडत होती. मी भिंतीकडे बघत होतो. जरा वेळाने अक्का एकदम माझ्याकडे वळल्या. "वाद घाला," म्हणाल्या.

"आत्ता? इथे?"

"हो. या खेपेला मी प्रतिकूल. ऑपरेशन करायला नको होतं, असं मी बोलणार. तुम्ही अनुकूल. आणि हे बघा पुणेकर, मला हरवा. काही झालं तरी हरवा."

मग त्या दवाखान्याच्या बाकावर आम्ही बाजू बदलून बसलो. माझेच सगळे मुद्दे अक्कांनी माझ्यावर उलटवले, आणि माझ्यापेक्षा किती तरी चांगले मांडले. टाके उसवले तर? मी म्हणालो, उसवणार नाहीत. "हे काय उत्तर झालं?" अक्का कळवळून म्हणाल्या. "इथं तुम्ही म्हणायला पाहिजे, की डॉक्टर खोटं बोलणारा नाही. जो माहीत नाही म्हणून सांगतो, तो हात सांभाळूनच चालवतो." मी ते म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा वार केला. भूल जास्त झाली तर? मी पुन्हा तसंच म्हणालो, होणार नाही. अक्का हळूच म्हणाल्या, "एवढा मोठा देह आहे, सहज विझणारा दिवा नव्हे, असं म्हणा." मी म्हणालो. अशा त्या मला मुद्दे पुरवत होत्या आणि माझ्याकडून हरत होत्या, आणि दर वेळी हरल्या की त्यांचा श्वास जरा खाली बसायचा. माझा मात्र बसत नव्हता. मी जिंकत होतो आणि घाबरून अर्धमेला झालो होतो, कारण त्या बंद दारापलीकडे आमच्यातल्या कुणाचाच निकाल चालत नव्हता.

दार उघडलं तेव्हा आम्ही दोघंही वाक्याच्या मध्यावर होतो. सर्जनने तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाला, "व्यवस्थित झालं. श्वास स्वतःचा घेताहेत." अक्का उठल्या नाहीत. माझ्या बायकोने त्यांना मिठी मारली, आणि मी उगाचच त्या सर्जनचा हात हलवत राहिलो, तो सोडवून घेईपर्यंत.

अण्णा घरी आले ते चमच्याने पेज पिणारे होऊन. पुढे अर्धी इडली हे त्यांचं भरपेट जेवण झालं. वजन उतरत गेलं, शर्ट शिंप्याकडे गेले आणि परत आले आणि पुन्हा गेले. रविवारी दुपारचं घोरणं बंद झालं, तर अक्कांची वेगळीच पंचाईत. पूर्वी ते थांबलं की त्या घाबरायच्या, आता सुरूच होत नाही म्हणून दर थोड्या वेळाने जाऊन छाती हलतेय का बघून यायच्या. सभा पुन्हा भरायला लागल्या. वर्षं गेली तसं वजन थोडं परत आलंही. सगळं नाही, पण आलं. दाखवायला गेले तेव्हा सर्जन जरा खट्टू झाला. अण्णांनी त्याला हे ऑपरेशन यशस्वी कसं आणि अयशस्वी कसं, दोन्ही बाजूंनी समजावून सांगितलं, आणि तो शेवटी हात जोडून म्हणाला, सार, तुम्हाला मी कुठेच धरत नाही, तुम्ही नुसते येत जा.

आम्ही पुण्याला परतलो त्यानंतर थोड्याच दिवसांनी, शतक संपायच्या बेतात असताना, अण्णा गेले. सकाळी पेपर वाचता वाचता गेले. ऑपरेशनने त्यांना मधली वर्षं दिली की ती त्यांच्याकडे होतीच, हे आता कोण सांगणार? मी स्वतःशी कधी ही बाजू घेतो, कधी ती. पोट लहान करून घेणारी माणसं आता पुष्कळ झालीत, आमच्या ऑफिसातही आहेत, आणि चहाच्या वेळी यशाचे दर ऐकायला मिळतात. मी कपात बघत बसतो.

अक्कांना मी अधूनमधून फोन करायचो. त्या पहिल्यासारख्याच हसून बोलायच्या. बायकोची चौकशी करायच्या, बंगळूरच्या गर्दीला नावं ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, मागच्या अंगणातला नारळ फार झुकलाय, काढून टाकायचं ठरलं. मी सहज, जुन्या सवयीने विचारलं, "कसं ठरलं?"



"घरात आता सगळं एकमतानंच होतं हो, पुणेकर," अक्का म्हणाल्या.